हातात कोणते पुस्तक होते?



प्रकल्पलेखनाच्या घटकात संदर्भसूचीचे नमुने तुम्ही पाहिले असतील. आडनाव, स्वल्पविराम, नावाची आद्याक्षरे, कंसात वर्ष, तिरप्या अक्षरांत ग्रंथनाम, मग प्रकाशक. एवढे पाठ करून परीक्षेत दोन गुण मिळवता येतात, हे खरे. तथापि गेली सव्वीस वर्षे विद्यार्थ्यांचे प्रकल्प, प्रबंध आणि संशोधनपत्रिकांकडे आलेले लेख तपासताना माझे असे मत झाले आहे की, संदर्भ देण्याचे शिक्षण आपण चुकीच्या टोकापासून सुरू करतो. आपण स्वल्पविरामापासून आरंभ करतो आणि तो स्वल्पविराम ज्यासाठी आहे त्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. प्रश्न अगदी साधा आहे : हे वाक्य लिहिताना तुमच्या हातात नेमके कोणते पुस्तक होते?

माझ्याच चुकीपासून सुरुवात करतो. पीएच.डी.च्या प्रबंधात मी ज्यूल ब्लॉक यांच्या मराठी भाषेवरील फ्रेंच ग्रंथाचा पृष्ठांकासह हवाला दिला होता. हा ग्रंथ १९२० साली पॅरिसहून प्रसिद्ध झाला आणि मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासात तो आजही टाळता येत नाही. मला मात्र फ्रेंच येत नव्हते. मी वाचले होते ते वा. गो. परांजपे यांचे मराठी भाषांतर, आणि तेही सलग नव्हे. फ्रेंच ग्रंथाचे नाव व पृष्ठांक मी एका जुन्या प्रबंधाच्या तळटीपेतून उचलले होते. मूळ फ्रेंच नावामुळे सूचीला वजन येते, असे त्या वयात वाटले. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी शांतपणे विचारले, "हे पान तुम्ही पाहिलंत का?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. त्यांना फ्रेंच येत होते. त्या पानावर मी म्हणत होतो तो विषयच नव्हता. पुढे मी माग काढला तेव्हा लक्षात आले की, ज्या प्रबंधातून मी तो आकडा घेतला त्याच्या लेखकानेही तो त्याच्याही आधीच्या एका प्रबंधातून घेतला होता. एक चुकीचा पृष्ठांक तीन प्रबंधांतून फिरत राहिला आणि मूळ पान आमच्यापैकी कोणीच उघडले नव्हते. स्वल्पविराम मात्र तिन्ही ठिकाणी अचूक होते.

त्या वेळी मी काय लिहायला हवे होते? ब्लॉक यांचे मत, परांजपे यांच्या भाषांतराच्या आधारे, भाषांतराच्या अमुक पृष्ठावरून. एवढेच. यात कमीपणा काहीही नव्हता. ज्या ग्रंथातले मत आपण दुसऱ्याच्या लेखनातून घेतो त्याला दुय्यम संदर्भ म्हणतात आणि तो तसा सांगून दिला तर पूर्णतः प्रामाणिक असतो. "अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" हे तीन-चार शब्द लिहिण्याचा संकोच नवशिक्यांना फार वाटतो. तुम्हांला तर तो अधिकच वाटेल, हे मी जाणतो. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घर सांभाळून शिकता. जवळचे मोठे ग्रंथालय पन्नास-साठ किलोमीटरवर असते आणि रविवारी ते बंद असते. हाती येते ती कोणीतरी दिलेली एखाद्या प्रकरणाची झेरॉक्स किंवा मोबाइलवर आलेली पीडीएफ. तिला ना मुखपृष्ठ, ना आवृत्तीचा पत्ता. अशा वेळी मोठी सूची दाखवण्याच्या मोहात, न पाहिलेली पुस्तके आपल्या नावावर घालू नका. सहा पाहिलेल्या पुस्तकांची सूची वीस ऐकीव पुस्तकांच्या सूचीहून मला अधिक मोलाची वाटते, आणि गुण देतानाही मी तसेच देतो. एक सवय मात्र आजपासूनच लावून घ्या : पुस्तक हाती आले की प्रथम आतील नामपृष्ठाचा आणि त्याच्या मागील पानाचा मोबाइलवर फोटो काढा. आवृत्ती, वर्ष, संपादक, भाषांतरकार हे सर्व तेथेच असते. पुस्तक परत केल्यावर ते आठवत नाही.

आता वर्षाचा प्रश्न. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात नीटनेटकेपणाचा नव्हे, तर इतिहासाचा घोटाळा होतो. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तुम्हांला ग्रंथालयात मिळण्याची शक्यता आहे ती कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी संपादित केलेली १९७० ची आवृत्ती. विद्यार्थी नामपृष्ठ पाहतो आणि लिहितो : (दामले, १९७०). पुढच्याच परिच्छेदात अरविंद मंगरूळकर यांच्या 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' या पुस्तकाचा उल्लेख येतो आणि त्यापुढे खरे वर्ष असते, १९६४. दोन कंस शेजारी ठेवून पाहा. पुनर्विचार आधी झाला आणि ज्याचा पुनर्विचार करायचा ते व्याकरण सहा वर्षांनी लिहिले गेले! मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची गत याहून गमतीची आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची, आणि आपल्याकडे सर्वत्र आढळणारे पुण्याचे पुनर्मुद्रण १९७५ चे. "मोल्सवर्थ (१९७५) यांच्या मते" असे वाक्य मी दरवर्षी एकदा तरी वाचतो. वाचणाऱ्याला वाटावे, गृहस्थ आणीबाणीच्या काळात पुण्यात कोशकार्य करीत होते. शब्दाचा अर्थ बदलला की नाही, हे सांगताना १८३१, १८५७ आणि १९७५ यांतला फरक हाच तर आपला पुरावा असतो. एखादा शब्द पहिल्या आवृत्तीत नाही आणि दुसरीत आहे, या एका गोष्टीवर भाषेच्या अभ्यासात निबंध उभा राहू शकतो.

यावरचा उपाय अवघड नाही. दोन्ही वर्षे द्यावीत : (दामले, १९११/१९७०). पहिले वर्ष लेखकाचे, दुसरे तुमच्या हातातल्या प्रतीचे. पृष्ठांक अर्थातच दुसऱ्याचा. सूचीतील नोंदीत संपादकाचे नाव यावे आणि मूळ प्रसिद्धीचे वर्ष नोंदीच्या शेवटी यावे. ही माझी युक्ती नव्हे. ज्या अमेरिकी पद्धतीचा आग्रह बहुतेक संशोधनपत्रिका धरतात तिच्यातच ही सोय आहे. आपण ती वापरत नाही, इतकेच.

त्या पद्धतीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ए.पी.ए. म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. तिच्या नियमांचा उगम १९२९ साली एका मानसशास्त्रीय नियतकालिकात छापलेल्या अवघ्या सात पानांत आहे. मानसशास्त्रात प्रयोग कधी झाला याला महत्त्व असते, म्हणून लेखकाच्या नावाला लागूनच वर्ष येते. साहित्याच्या अभ्यासकांनी घडवलेल्या एम.एल.ए. पद्धतीत मजकुरातील कंसात लेखक आणि पृष्ठ एवढेच असते, कारण कवितेची ओळ कोठे आहे हे तेथे अधिक मोलाचे. म्हणजे प्रत्येक पद्धतीमागे एकेका ज्ञानशाखेची गरज उभी आहे. तुम्ही लेख ज्या पत्रिकेकडे पाठवाल तिची पद्धत पाळा, त्यात वाद घालू नका. एकाच लेखात दोन पद्धती मिसळू नका. परंतु ती पद्धत आकाशातून पडली आहे, असेही मानू नका. ए.पी.ए.च्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ देण्याची गरज नाही असे ठरवले. अमेरिकी प्रकाशकांच्या बाबतीत ते ठीक असेल. मराठीत पुस्तक पुण्यात छापले, नागपुरात, बेळगावात की पणजीत, यावरून अभ्यासकाला पुष्कळ काही कळते आणि जुन्या पुस्तकाचा शोधही सोपा होतो. पत्रिका हरकत घेत नसेल तर स्थळ लिहावे, या मताचा मी आहे.

नावांच्या बाबतीत तर आयात केलेला साचा आपल्याकडे जागोजागी अडखळतो. (कुलकर्णी, १९८५) असे लिहिले की इंग्रजी लेखात कदाचित भागते. मराठी समीक्षेच्या लेखात हे कोण? वा. ल., गो. म. की द. भि.? आणि विषय भाषेचा असेल तर कृ. पां. कुलकर्णीही रांगेत उभे असतात. म्हणून मराठीत कंसातही आद्याक्षरे देणे हा नियमच समजावा. पत्रिकेचा नमुना केवळ आडनाव मागत असला तरी एकाच आडनावाचे दोन लेखक सूचीत असतील तेव्हा आद्याक्षरे देण्याची मुभा ए.पी.ए. स्वतःच देते.

टोपणनावांचे काय करावे? 'विशाखा' कुसुमाग्रजांची आणि 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचे. व्यक्ती एक, पण त्यांनी स्वतःच कवितेसाठी आणि नाटकासाठी वेगळी नावे राखली. ती पुस्तकावर आहेत तशीच द्यावीत आणि एका नावाच्या नोंदीत दुसऱ्या नावाकडे 'पाहा' अशी खूण करावी. सगळे शिरवाडकरांच्या नावाखाली गोळा करण्याचा उत्साह नको. 'कळ्यांचे निःश्वास' या १९३३ च्या कथासंग्रहाच्या बाबतीत तर ही सावधगिरी अधिक लागते. तो विभावरी शिरूरकर या नावाने आला. लेखिका लग्नापूर्वीच्या बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. हे लेखन आपल्या नावाने त्या काळी प्रसिद्ध करणे सोपे नव्हते, म्हणून ते टोपणनाव. सूचीत सरळ 'बेडेकर, मालती (१९३३)' असे लिहिले तर आडनावही चुकीच्या काळात जाते आणि ते नाव का झाकावे लागले होते, ही गोष्टही पुसली जाते.

संतसाहित्यात हा साचा पूर्णपणे मोडतो. ज्ञानेश्वरांना आडनाव विचारणारा संगणकाचा तक्ता मी स्वतः भरला आहे. एका पत्रिकेच्या लेखप्रणालीत 'आडनाव' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. मी तेथे 'ज्ञानेश्वर' लिहिले. छापून आलेल्या लेखात ते 'ज्ञानेश्वर, एस.' असे अवतरले. तो 'एस' म्हणजे 'संत' असावा, असा माझा तर्क आहे. विनोद सोडा, पण येथे खरा प्रश्न प्रतीचा आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली, कारण तोवर पाठभेद साचले होते. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळी प्रत प्रसिद्ध केली. ओव्यांची संख्या आणि क्रम सर्व प्रतींत सारखे नाहीत. म्हणून मजकुरात अध्याय आणि ओवी द्यावी, पृष्ठ नव्हे. आणि हे ओवीक्रमांक कोणत्या प्रतीचे, हे पहिल्याच टीपेत एकदा सांगून टाकावे. तुकारामांच्या गाथेचेही तसेच. विष्णुबुवा जोगांची गाथा आणि १९५० साली तत्कालीन मुंबई सरकारने काढलेली गाथा यांतले अभंगक्रमांक जुळत नाहीत. केवळ 'अभंग क्र.' असे लिहून सोडून दिलेला आकडा वाचकाला कोठेच पोहोचवत नाही. एका अभंगाचा शोध घेताना अशा आकड्यामुळे माझी एक दुपार खर्ची पडली आहे.

जुन्या छापील पुस्तकांवर व नियतकालिकांवर अनेकदा फक्त शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असे सारे सांगतात. परंतु शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत. शके १८३१ च्या माघात छापलेला अंक १९१० चा, १९०९ चा नव्हे. महिना ठाऊक नसेल तर 'शके १८३१' असेच लिहून पुढे चौकोनी कंसात १९०९-१० असे द्यावे. नियतकालिकांचे वर्ष, अंक, जोडअंक यांचे नियम घटकात दिलेले आहेत, ते पुन्हा सांगत नाही. दिवाळी अंकाबाबत एकच आठवण देतो : मराठीतले कितीतरी महत्त्वाचे लेख प्रथम दिवाळी अंकात येतात आणि नंतर पुस्तकात शिरताना बदलतात. तुम्ही अंक पाहिला असेल तर अंकाचाच हवाला द्या.

संगणकाने आपले काम हलके केले आहे, हे मी नाकारत नाही. झोटेरोसारखी संदर्भव्यवस्थापनाची साधने विनामूल्य मिळतात, आणि तिच्यात नावासाठी दोनाऐवजी एकच रकाना निवडण्याची सोय आहे. ज्ञानेश्वर, ग्रेस, कुसुमाग्रज यांच्यासाठी तीच निवडा. मात्र तिने तयार केलेल्या सूचीत मध्येच रोमन लिपीतील जोडशब्द शिरतात, ते हाताने काढून 'आणि', 'संपा.', 'पृ.' करावे लागतात. अकारविल्हेकडेही लक्ष द्या. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडच्या संकेतांकांत तो 'ल'ला लागून आहे. त्यामुळे संगणकाने केवळ संकेतांक पाहून क्रम लावला तर काळे हे काशीकर आणि कासार यांच्या आधी जाऊन बसतात. मराठी क्रमाने ते त्यांच्यानंतर यायला हवेत. आणि 'तत्रैव' हा शब्द लेखाचा शेवटचा खर्डा होईपर्यंत वापरू नका. मध्ये एक नवी टीप घातली की 'तत्रैव' निमूटपणे भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते.

आता ज्या एका बाबतीत मी प्रचलित नियमाच्या विरोधात आहे तिच्याकडे येतो. ए.पी.ए.च्या नियमानुसार प्रत्यक्ष संभाषणातून मिळालेल्या माहितीचा उल्लेख मजकुरात करायचा असतो, सूचीत नाही. कारण असे की, वाचकाला ते संभाषण शोधून पाहता येत नाही. हे तर्काला धरून आहे. पण तुमच्यापैकी जे बोलीचा, लोकगीतांचा, व्यवसायातील शब्दांचा प्रकल्प करतात त्यांच्याकडे पाहा. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने शेतीच्या अवजारांची नावे गोळा केली होती : तिफण, चाडे, कुळव, फास, रुमणे, शिवळ आणि असे शंभराहून अधिक शब्द, त्यांच्या उच्चारांसह. काम उत्तम होते. सूचीत आठ पुस्तके होती, त्यांतील दोन माझीच. शब्द मात्र सगळे एकाच बाईंनी सांगितले होते आणि त्यांच्यासाठी प्रस्तावनेत एवढेच होते : "स्थानिक वयोवृद्ध महिलेशी चर्चेतून." मी विचारले, या महिला कोण? ती म्हणाली, "सर, माझ्या सासूबाई आहेत. पण त्यांचं नाव कुठे लिहायचं? नमुन्यात तसा रकाना नाही."

ज्या पुस्तकांतून एकही शब्द घेतला नव्हता त्यांच्या लेखकांची नावे, वर्षे, गावे व्यवस्थित मांडलेली आणि जिने सर्व शब्द दिले ती निनावी. हे मला पटत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात मी ग्रंथसूचीशेजारी स्वतंत्र 'निवेदक सूची' मागतो. नाव, वय, सध्याचे गाव व तालुका, मुलाखतीची तारीख. स्त्री निवेदक असेल तर माहेरचे गावही अवश्य विचारावे. बोलीच्या अभ्यासात ते अत्यावश्यक आहे, कारण शब्द पुष्कळदा लग्नाबरोबर गाव बदलतात. जात, शिक्षण यांची विचारणा विषयाला गरज असेल तरच करावी. आणि नाव छापले जाणार आहे हे आधी स्पष्ट सांगून परवानगी घ्यावी. कोणी नको म्हणाले तर आग्रह न धरता सांकेतिक अक्षर वापरावे.

त्या विद्यार्थिनीने घरी जाऊन सासूबाईंना विचारले. त्यांचे उत्तर तिने मला फोनवर जसेच्या तसे सांगितले : "नाव लिव्ह की. पण त्यातलं निम्मं शब्द माझ्या म्हायेरचं हायेत, हितलं न्हवंत." या एका वाक्याने प्रकल्पाचे दुसरे प्रकरण नव्याने लिहावे लागले. कोणता शब्द कोणत्या गावचा, हे त्यांनी एकेक करून वेगळे करून दिले. पुढे तिने त्याचा लेख करून एका पत्रिकेकडे पाठवला. संपादकांनी नियमावर बोट ठेवून निवेदक सूची गाळण्यास सांगितले. तिने सूची काढली आणि तो मजकूर पहिल्या पानाच्या तळटीपेत घातला : नाव, वय, सासर, माहेर, मुलाखतीच्या तीन तारखा. तळटीप छापून आली.